कोहिनूर आणि ‘म्हणे’ : एका राजरत्नाविषयीच्या वदंतांचा पाठविचार

कोहिनूर हिऱ्याविषयी आपल्याकडील कोणत्याही सुशिक्षित गृहस्थास विचारले, तर तो निदान तीन गोष्टी न अडखळता सांगेल. हा हिरा म्हणजे श्रीकृष्णकथेतील स्यमंतक मणी. नादिरशाहाने तो दिल्लीच्या बादशहाशी पागोट्यांची अदलाबदल करून युक्तीने हस्तगत केला. आणि हा हिरा शापित असून तो पुरुषाला लाभत नाही. चौथी गोष्ट मात्र मुद्दाम विचारावी लागते. हिरा इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेला कसा, असा प्रश्न केला असता ‘इंग्रजांनी लुटून नेला’ असे एक उत्तर येते, किंवा ‘पंजाबच्या महाराजांनी भेट दिला’ असे दुसरे. पहिल्या तीन गोष्टींना समकालीन पुराव्याचा आधार नाही. चौथीला लेखी आणि दिनांकित पुरावा आहे. असे असता पहिल्या तीन तपशीलवार ठाऊक असाव्यात आणि चौथी धूसर राहावी, हा केवळ योगायोग नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची मीमांसा करणे हा या लेखाचा हेतू होय.

आरंभीच एक कबुली देणे उचित ठरेल. फारसीतील इजाफत मराठीत कशी रुळली हे समजावून देताना प्रस्तुत लेखक कित्येक वर्षे वर्गात ‘कोह-इ-नूर’ हे उदाहरण घेत असे, आणि उदाहरण रंजक व्हावे म्हणून नादिरशाहाच्या उद्गाराची व पागोट्याची कथाही सांगत असे. एका वर्षी एका विद्यार्थ्याने शांतपणे विचारले, ‘सर, हे कोणी लिहून ठेवले आहे?’ त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. भाषेच्या अध्यापकाने वाक्याचा प्रामाण्यस्रोत न सांगता वाक्य उच्चारावे, ही गोष्ट नामुष्कीची होती. पुढील विवेचन त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

१. विषयाची मर्यादा व पद्धती

कोहिनूरचा इतिहास लिहिणे हे इतिहासकारांचे कार्य आहे. तो अधिकार येथे सांगितलेला नाही. येथे कोहिनूरविषयीच्या वदंता ही एक संहिता मानलेली आहे. अनेक मुखांनी व अनेक लेखण्यांनी वाढविलेल्या संहितेपुढे अभ्यासकाने जे प्रश्न ठेवावयाचे, तेच येथे ठेवलेले आहेत : सर्वांत जुना पाठ कोणता, भर कोठे पडली, प्रक्षेप कोणत्या हेतूने झाला? भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभिलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने ही दृष्टी महाराष्ट्रातील विद्याव्यवहारात रुजविली. पोथ्यांना लावलेली कसोटी वदंतेला लावू नये, असे कोठे म्हटलेले नाही. वदंतेची पोथी नसते, हे खरे. परंतु तिची वाक्ये असतात, आणि वाक्यांना व्याकरण असते.

२. ‘म्हणे’चे व्याकरण

वक्त्याने एखादी गोष्ट स्वतः पाहिली की नुसती ऐकली, हा भेद व्यक्त करण्याची सोय पुष्कळ भाषांत आढळते. पाणिनीने लिट् हा लकार परोक्ष, म्हणजे वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या, भूतकालीन घटनेसाठी विहित केला. संस्कृतातील ‘किल’ हे अव्यय ऐकीव वार्तेचा निर्देश करते. तुर्की भाषाकुलात तर पाहिलेला भूतकाळ आणि अनुमानाने वा श्रवणाने कळलेला भूतकाळ यांची क्रियारूपे निराळी असतात. मराठीत हे कार्य ‘म्हणे’ करते. ‘म्हणणे’ या क्रियापदाचे हे तृतीयपुरुषी रूप गोठून त्याचे अव्यय बनले. ‘तो म्हणतो’ या वाक्यात बोलणारा कोणीतरी आहे. त्याला गाठून जाब विचारता येतो. ‘म्हणे’ला असा धनी नसतो. तथापि त्यात एक प्रामाणिकपणा असतो. वक्ता सांगून टाकतो की, ही गोष्ट माझी नव्हे, मी केवळ वाहक आहे.

आता पुढील तीन वाक्ये पाहावीत.

(अ) नादिरशाहाने म्हणे पागोटे बदलून हिरा घेतला.
(आ) नादिरशाहाने पागोटे बदलून हिरा घेतला, असे सांगतात.
(इ) नादिरशाहाने पागोटे बदलून घेतलेला हिरा पुढे अहमदशाह अब्दालीकडे गेला.

पहिले वाक्य ओसरीवरचे, दुसरे मासिकातले, तिसरे पाठ्यपुस्तकातले. पहिल्यात संशयाची खूण वाक्याच्या पोटात आहे. दुसऱ्यात ती वाक्याच्या शेपटीशी आहे, आणि उद्धृत करणारा शेपटी सहज छाटतो. तिसऱ्यात ती नाहीच. शिवाय येथे पागोट्याची गोष्ट मुख्य विधान राहिलेली नसून ‘घेतलेला’ या धातुसाधित विशेषणात, म्हणजे गृहीतात, जाऊन बसली आहे. तिसरे वाक्य नकारार्थी करून पाहावे : ‘तो हिरा अब्दालीकडे गेला नाही’ असे म्हटले तरी पागोटे जागचे हलत नाही. वदंता इतिहास बनते ती या मार्गाने. कोणी खोटे बोलत नाही. फक्त विधानाचे विशेषण होते. हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा. तो पुढे एका राजकीय दस्तऐवजाच्या वाचनात उपयोगी पडणार आहे.

३. बाबराची सावध लेखणी

कोहिनूरच्या प्रचलित चरित्रात पहिला लेखी टप्पा म्हणून बाबराच्या आत्मचरित्राचा दाखला देतात. १५२६ मध्ये पानिपतानंतर हुमायून आग्र्यास पोहोचला, तेव्हा ग्वाल्हेरच्या विक्रमजिताच्या कुटुंबाने त्याला जडजवाहीर दिले. त्यात एक प्रसिद्ध हिरा होता. बाबराच्या वाक्यांतील सावधगिरी पाहण्यासारखी आहे. हिरा अलाउद्दीनाने आणला असावा, असे तो अनुमानाने सांगतो. साऱ्या जगाच्या अडीच दिवसांच्या अन्नाइतके त्याचे मूल्य, हे पारख्यांचे मत म्हणून सांगतो. वजन सुमारे आठ मिस्काल, हेही अदमासाने सांगतो. आपण तो हुमायूनास परत दिला, एवढेच विधान तो स्वतःच्या प्रामाण्यावर करतो. हिऱ्याचे नाव तो देत नाही.

पुढच्या लेखकांनी काय केले? ‘असावा’चे ‘होता’ केले, ‘सुमारे’ गाळले आणि हिऱ्याला कोहिनूर हे नाव दिले. बाबराचा हिरा आणि कोहिनूर एकच, ही कल्पना वजनांच्या साम्यावर उभी आहे. आणि मिस्काल हे माप प्रदेशाप्रदेशात भिन्न होते. याच हिऱ्याच्या वाटेवर आपल्याला मोहात पाडणारे एक स्थळ आहे. हुमायूनाने परागंदा असताना हा हिरा इराणच्या शाह तहमास्पास दिला, आणि तहमास्पाने १५४७ मध्ये तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडे पाठविला, असा उल्लेख आढळतो. ‘कोहिनूर अहमदनगरास होता’ असे वाक्य लिहिण्याचा मोह यामुळे होतो. परंतु त्या वाक्यात ‘बाबराचा हिरा तोच कोहिनूर’ हे सिद्ध न झालेले विधान पुन्हा विशेषणाच्या वाटेने आत शिरलेले असेल. आपल्या प्रांताचा अभिमान हा पाठनिर्णयाचा निकष नव्हे.

त्याच प्रसंगातील आणखी एक बारकावा नोंदविला पाहिजे. विक्रमजित पानिपतावर पडला होता, त्याचे कुटुंब आग्र्यात अडकलेले होते, आणि त्या कुटुंबाने जवाहीर आपल्या राजीखुशीने दिले, असे बाबर लिहितो. पराभूताच्या असहाय घरातून रत्न बाहेर पडते, आणि जेत्याच्या लेखणीतून ‘स्वेच्छेने’ हा शब्द उतरतो. हा शब्द आपणांस पुन्हा भेटेल.

४. बाजारातील वार्ता सरकारी कागदावर

कोहिनूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिऱ्याचा जुना भरवशाचा उल्लेख नादिरशाहाचा इतिहासकार मुहम्मद काझिम मर्वी याच्या अठराव्या शतकातील ग्रंथात आहे. तेथे हा हिरा मुहम्मदशाहाच्या पागोट्यात लपविलेला नाही; तो मयूरासनावरील एका मोराच्या मस्तकी जडविलेला आहे. १७३९ मध्ये नादिरशाहाने मयूरासनच नेले. त्यामुळे हिरा नेण्यासाठी युक्तीची आवश्यकताच उरत नाही.

मग पागोटे आले कोठून? १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने हिऱ्याची पूर्वपीठिका जमविण्याचे काम दिल्लीतील थिओ मेटकाफ या तरुण अधिकाऱ्याकडे सोपविले. मेटकाफने दिल्लीचे जवाहिरे, दरबारातील वृद्ध मंडळी आणि बाजारातील वार्ता यांवरून एक टिपण सिद्ध केले. हाती आलेली माहिती तुटपुंजी आणि अपुरी आहे, याबद्दल त्याने त्या टिपणातच दिलगिरी दर्शविली आहे. म्हणजे त्याने आपल्या टिपणाच्या माथ्यावर इंग्रजीत एक ‘म्हणे’ लिहून ठेवले होते. परंतु टिपण सरकारी होते. पुढील लेखकांनी त्यातील कृष्णकाळ घेतला, पागोटे घेतले, आणि दिलगिरी सोडून दिली. आज जगभर प्रसृत असलेल्या कोहिनूरकथेचा मूळ पाठ हाच होय. दिल्लीच्या गल्लीतील ऐकीव वार्तेला सरकारी कागदाची प्रतिष्ठा मिळाली, एवढाच त्याचा इतिहास.

पागोट्याविषयी एक तर्क मांडण्यासारखा आहे. जून १८१३ मध्ये लाहोरास रणजितसिंगाने शाह शुजाकडून हिरा घेतला, त्या प्रसंगी दोघांनी मैत्रीच्या शपथेची खूण म्हणून परस्परांची पागोटी बदलली, असे खुद्द शुजाच्या आत्मवृत्तात येते. येथे सांगणारा स्वतः त्या प्रसंगातील पात्र आहे. हिरा आणि पागोट्यांची अदलाबदल हे दोन घटक अशा रीतीने १८१३ मध्ये एकत्र आले. मेटकाफने दिल्लीतील वार्ता गोळा केली ती त्यानंतर पस्तीसहून अधिक वर्षांनी. एका प्रसंगातील कथाघटक मागच्या, अधिक भव्य प्रसंगावर चढविला जाणे ही लोककथांतील नित्याची प्रक्रिया आहे. पाठचिकित्सेच्या भाषेत हा स्थलांतरित पाठ होय. हा निर्णय नव्हे, तर्क आहे. परंतु प्रचलित कथेपेक्षा त्याला अधिक आधार आहे.

नावाविषयीही थोडेसे सांगितले पाहिजे. हिरा पाहताच नादिरशाहाच्या मुखातून ‘प्रकाशाचा पर्वत’ असा उद्गार निघाला आणि तेच नाव पडले, ही व्युत्पत्तिकथा आहे. शहरे, आडनावे, म्हणी यांच्या उगमाच्या कथा ज्या जातीच्या असतात, त्याच जातीची ही कथा. नादिरशाहाने हिंदुस्थानातून नेलेल्या दुसऱ्या महारत्नाचे नाव ‘दर्या-इ-नूर’, प्रकाशाचा सागर, असे आहे. ते आज तेहरानमध्ये आहे. पर्वत आणि सागर अशी ही जोडी आहे. ती उत्स्फूर्त उद्गारातून निघाली असण्यापेक्षा दरबारी नामकरणाच्या साच्यातून निघाली असणे अधिक संभवनीय वाटते. ‘कोह’ फारसी, ‘नूर’ अरबी, आणि दोहोंना जोडणारी फारसी इजाफत, अशी घटना असलेले नाव श्रीकृष्णाच्या काळापर्यंत मागे नेता येत नाही, हे सांगण्यास भाषाशास्त्राचीही आवश्यकता नाही.

५. शाप, अथवा अचेतन कर्ता

शापाची वदंता अधिक विचारणीय आहे. एका जुन्या ‘हिंदू ग्रंथात’ १३०६ च्या सुमारास असे लिहिले आहे म्हणतात की, हा हिरा धारण करणारा जगाचा स्वामी होतो आणि जगातील सारी दुःखेही भोगतो. देव किंवा स्त्री यांनाच तो बाधत नाही. या दाखल्याला ग्रंथाचे नाव जोडलेले नसते, कर्ता नसतो, भाषाही नसते. वचन संस्कृत आहे की अपभ्रंश, पद्य आहे की गद्य, हे कोणी सांगत नाही. ते फिरते ते इंग्रजीत, आणि मराठीत येते ते इंग्रजीतून. ज्याचा मूळ पाठच समोर नाही, त्याला पाठ म्हणता येत नाही.

स्त्रीविषयक अपवाद तर विशेष सूचक आहे. व्हिक्टोरिया राणीनंतर हा हिरा १९०२ मध्ये अलेक्झांड्राच्या, १९११ मध्ये मेरीच्या आणि १९३७ मध्ये एलिझाबेथच्या (पुढे ‘राजमाता’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या राणीच्या) मुकुटात बसविण्यात आला. या तिघीही राजपत्नी होत्या. सहा शतकांपूर्वीचे भाकीत इंग्लंडच्या राजघराण्याच्या रिवाजाशी इतके तंतोतंत जुळावे, याचा सरळ अर्थ असा की भाकीत घटनेनंतर घडविलेले आहे. उलट बाजूची उदाहरणे वदंता सोयीस्करपणे विसरते. रणजितसिंगाने हा हिरा १८१३ पासून १८३९ पर्यंत, मृत्यूपर्यंत, बाळगला. त्याच काळात मुलतान, काश्मीर आणि पेशावर त्याच्या राज्यास जोडले गेले.

शापाला इंग्लंडात जोर चढला तो १८५० मध्ये. हिरा मुंबईच्या खजिन्यात ठेवलेला होता. तेथून ६ एप्रिल रोजी ‘मेडिया’ या युद्धनौकेने तो निघाला. वाटेत नौकेवर पटकी पसरली, वादळ झाले. २७ जून रोजी रॉबर्ट पेट नावाच्या माणसाने राणीवर छडीचा प्रहार केला. २ जुलै रोजी सर रॉबर्ट पील घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीने वारले. ३ जुलै रोजी हिरा राणीस अर्पण झाला. म्हणजे प्रहार आणि मृत्यू या दोन्ही घटना हिरा राणीच्या हाती पडण्यापूर्वीच्या आहेत! शापाला काळाची पर्वा नसते. त्याला केवळ सान्निध्य पुरते. पुढे १८६८ मध्ये विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत लेखकाने कोहिनूरचा निर्देश केलेला आहे. तेव्हापासून हिंदुस्थानातून आलेले शापित रत्न हा इंग्रजी कथावाङ्मयाचा रुळलेला विषय झाला. शापाचा पुष्कळसा भाग आपण इंग्लंडकडून परत आयात केला आहे, आणि आपल्याच प्राचीनतेचा शिक्का त्यावर उमटविला आहे.

परंतु शापकथेचा खरा दोष तिच्या असत्यतेत नाही, तिच्या वाक्यरचनेत आहे. ‘हिऱ्याने राज्ये बुडविली’, ‘हिरा दिल्लीहून इराणास गेला’, ‘हिरा लाहोर सोडून लंडनला आला’ या वाक्यांत कर्ता हिरा आहे. चालणारा तोच, सोडणारा तोच, बुडविणाराही तोच. माणसे केवळ त्याच्या वाटेवरची स्थानके आहेत. अचेतन वस्तूला कर्तेपद दिले की सचेतन कर्त्याची सुटका होते. ज्याने घेतले त्याचे नाव वाक्यात येण्याचे कारणच उरत नाही. शापित हिऱ्यापायी राज्य गेले, असे म्हटले की राज्य कोणी घेतले हा प्रश्न संपतो.

६. तिसऱ्या कलमाचे क्रियापद

आता ज्या एका पाठाला मूळ प्रत आहे, त्याकडे वळू. २९ मार्च १८४९ रोजी लाहोरास झालेल्या तहाची पाच कलमे आहेत. पहिल्याने महाराजा दलीपसिंग आपला व आपल्या वारसांचा राज्यावरील सर्व हक्क सोडतात. दुसऱ्याने लाहोर दरबाराची सर्व मालमत्ता, ती कोठेही सापडो, देणे आणि युद्धखर्च यांच्या अंशतः फेडीपोटी ईस्ट इंडिया कंपनीकडे जप्त होते. तिसरे कलम केवळ कोहिनूरविषयी आहे. त्याचा आशय असा की, महाराजा रणजितसिंगाने शाह शुजाउल्मुल्काकडून घेतलेले कोहिनूर नावाचे रत्न लाहोरच्या महाराजांनी इंग्लंडच्या राणीच्या स्वाधीन करावे. चौथे आणि पाचवे कलम महाराजांचा तनखा, किताब व वास्तव्य यांविषयी आहे.

तिसऱ्या कलमातील तीन गोष्टी भाषाभ्यासकाने पाहावयास हव्यात.

पहिली, ‘शाह शुजाकडून घेतलेले’ हे विशेषण. रत्न ओळखण्यासाठी त्याची गरज नव्हती. कोहिनूर हे नाव पुरेसे होते. मग ते का घातले? वर दाखविलेली प्रक्रिया येथे हेतुपुरस्सर वापरलेली दिसते. पूर्वीची बळजोरी विशेषणात गृहीत म्हणून बसविली की नवी मागणी त्याच परंपरेतील पुढची पायरी वाटू लागते. घेतलेलेच घेतले जात आहे, असा तो न लिहिलेला युक्तिवाद आहे.

दुसरी गोष्ट, कर्ता. ‘लाहोरच्या महाराजांनी’ स्वाधीन करावे. पण पहिल्या कलमाने तेच महाराजपद संपलेले आहे. ज्याच्याकडून सर्व हक्क काढून घेतले, त्याला एका क्रियेपुरते कर्तेपद परत दिले आहे, आणि ती क्रिया म्हणजे देण्याची. हा कर्ता कोण? ६ सप्टेंबर १८३८ रोजी जन्मलेला, त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला मुलगा. त्याची आई राणी जिंदकौर हिला १८४७ मध्ये त्याच्यापासून दूर केले होते, आणि १८४८ मध्ये पंजाबातूनच हलविले होते. कलमात वयाचा उल्लेख नाही. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. कर्त्याला इच्छा असणे व्याकरणास आवश्यक नसते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, क्रियापद. कंपनीच्या संचालकांना हिरा कंपनीची भेट म्हणून राणीस द्यावा, असे वाटत होते. डलहौसीने याला स्पष्ट विरोध केला. त्याच्या पत्रातील भूमिका अशी की, भेट म्हटली की त्यात उपकार आला. राणीचा मान अधिक राहावयाचा तर जिंकलेल्या राजाच्या हातून हिरा थेट जेत्या राणीच्या हाती स्वाधीन झाला पाहिजे. म्हणजे ‘भेट’ हा शब्द विचारपूर्वक नाकारलेला आहे, आणि नाकारणारा डलहौसीच आहे. आपण मात्र दीडशेहून अधिक वर्षांनंतरही भेट की लूट असा वाद घालतो. कागद या दोहोंपैकी एकही शब्द वापरीत नाही. तो तिसरे क्रियापद वापरतो. मराठीत त्याला ‘हवाली करणे’ म्हणावे. लुटीत कागद नसतो आणि भेटीत सक्ती नसते. येथे सक्ती आहे आणि तिचा कागदही आहे. बळाला कायद्याचे रूप देणारे हे क्रियापद लुटीहून सौम्य नाही. ते अधिक थंड आहे इतकेच.

या भेदाचे महत्त्व केवळ कोशापुरते नाही. एप्रिल २०१६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या वतीने असे सांगण्यात आले की, हिरा चोरलेला किंवा बळाने नेलेला नसून रणजितसिंगाच्या वारसांनी शीख युद्धांच्या खर्चाच्या भरपाईपोटी स्वेच्छेने दिला. बाबराच्या पृष्ठावरचा शब्द येथे पुन्हा भेटतो. कलमे शेजारी ठेवून वाचली असती, तर हे विधान टिकले नसते. युद्धखर्चाचा उल्लेख दुसऱ्या कलमात आहे. हिरा तिसऱ्यात आहे, आणि तेथे भरपाईचा शब्द नाही. दुसऱ्या कलमाचे कारण तिसऱ्या कलमाच्या वस्तूला जोडणे हा शुद्ध पाठदोष आहे. दुसऱ्याच दिवशी सरकारने आपली भूमिका अंतिम नसल्याचे आणि हिरा सामोपचाराने परत मिळविण्याचे प्रयत्न करणार असल्याचे स्पष्ट केले. एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाने परदेशाला असा आदेश देता येत नाही, म्हणून प्रकरण निकालात काढले.

७. एका अलीकडील ग्रंथाविषयी

विल्यम डालरिंपल आणि अनिता आनंद यांचा कोहिनूरवरील इंग्रजी ग्रंथ या विषयाच्या अभ्यासकाने वाचलाच पाहिजे. मर्वीचा पुरावा पुढे आणून आणि मेटकाफच्या टिपणाचे खरे स्वरूप दाखवून या ग्रंथाने प्रचलित कथेचा पाया उखडला. प्रस्तुत लेखही त्या कार्याचा ऋणी आहे. तथापि एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. ग्रंथाने शापाचा आशय नाकारला, पण त्याची कथनरचना पुरती टाळली नाही. एका धारकाच्या अंतापासून दुसऱ्या धारकाच्या अंतापर्यंत अशी मांडणी राहिली की, रक्तपाताची साखळी वाचकाच्या मनात पुन्हा तोच भास निर्माण करते. त्या काळातील हिरा न बाळगणाऱ्या राजांचे अंतही पुष्कळदा तितकेच भयंकर होते. तुलनेसाठी ते शेजारी ठेवले असते, तर साखळी आपोआप तुटली असती. आशयाचे खंडन करूनही रचना शिल्लक राहते, ही वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ध्यानी घ्यावयाची गोष्ट आहे.

त्याच ग्रंथाच्या उत्तरार्धाचे श्रेय असे की, तो दलीपसिंगाला पुन्हा मध्यभागी आणतो. १८५४ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात त्याचे चित्र रंगविले जात असताना राणीने कोहिनूर त्याच्या हाती दिला. तो खिडकीपाशी जाऊन बराच वेळ निःशब्द पाहात राहिला, आणि मग त्याने तो राणीच्या हाती परत दिला. ही हकीकत लॉगिन कुटुंबाच्या आठवणींतून येते. म्हणजे तीही एका पक्षाची साक्ष आहे. ‘आता मात्र मी तो स्वतः देत आहे’ अशा अर्थाचा या प्रसंगाचा उपयोग इंग्रज लेखकांनी केला, हे पाहता पाच वर्षांपूर्वीच्या क्रियापदाची टोचणी त्यांनाही होती, असे दिसते. त्या वेळी त्याच्या हातातील हिराही तो राहिला नव्हता. १८५२ मध्ये लंडनला त्याला नव्याने पैलू पाडताना सुमारे १८६ जुन्या कॅरटांचा दगड १०५.६ मेट्रिक कॅरटांवर आला होता. वदंता ज्या हिऱ्याविषयी बोलते, तो त्या रूपात आज अस्तित्वातच नाही.

८. उपसंहार

मे २०२३ मधील राज्यारोहणात कॅमिला राणीने मेरी राणीचा मुकुट धारण केला, आणि त्यात कोहिनूर नव्हता. त्याच सुमारास लंडनच्या टॉवरमधील नव्या मांडणीत त्याला विजयाचे प्रतीक म्हणून दाखविण्यात आले. राजघराण्याला हा वारसा मिरविताना संकोच वाटू लागला, याचे कारण शाप नव्हे. तिसऱ्या कलमाची पुन्हा होऊ लागलेली वाचने हे आहे. हिरा कोणाला मिळावा, हा प्रश्न येथे सोडविता येणार नाही. भारताखेरीज पाकिस्ताननेही १९७६ मध्ये त्याची मागणी केली होती, आणि इराण व अफगाणिस्तान यांकडूनही हक्क सांगितला गेला आहे. परंतु मागणी कोणाचीही असो, ती स्यमंतक, पागोटे आणि शाप यांवर उभी केली तर प्रतिपक्षाने ती हसून बाजूला सारावी, हे स्वाभाविक आहे. दहा वर्षांच्या मुलाची स्वाक्षरी मात्र हसून बाजूला सारता येत नाही.

शेवटी स्यमंतकाकडेच परत येऊ. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस चंद्र दिसला तर खोटा आळ येतो, आणि त्याच्या परिहारासाठी स्यमंतकाचे आख्यान ऐकावे, अशी समजूत आपल्या घरोघरी आहे. ते आख्यान मुळात मण्याचे नव्हे, वदंतेचे आहे. प्रसेन मणी घेऊन वनात गेला आणि परतला नाही. कृष्णानेच त्याला मारून मणी घेतला, अशी कुजबूज द्वारकेत सुरू झाली. कृष्णाने उलट वदंता पसरविली नाही, आणि मणी शापित आहे असेही सांगितले नाही. तो नागरिकांना बरोबर घेऊन वनात गेला. प्रसेनाचे प्रेत दाखविले, सिंहाची पावले दाखविली, त्यांचा माग काढीत तो जांबवानाच्या गुहेपर्यंत पोहोचला. कोहिनूरला स्यमंतक म्हणणाऱ्यांनी त्या आख्यानातला मणी उचलला आणि माग काढण्याची रीत तेथेच टाकली. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोहोंतून एकच घ्यावयाचे असेल, तर त्यांनी रीत घ्यावी. आणि वर्गात अध्यापक ‘म्हणे’ गाळून बोलू लागला, तर त्या विद्यार्थ्याप्रमाणे शांतपणे विचारावे की, हे कोणी लिहून ठेवले आहे?